पाव आटा

गीझर बंद पडला डिसेंबरात.
फहाहीलला थंडी असते, हे गावी कुणाला पटत नाही.
हारिस अतिया म्हणाला, बुकरा.
बुकरा म्हणजे उद्या, मी आप्पांना सांगितलं.
चौथ्या बुकराला आप्पांनी बॅग उघडली :
आगळाच्या दोन बाटल्या, त्यांच्या मधे
पायजम्यात गुंडाळलेली पक्कड
आणि टेस्टर, ज्याची मूठ
माझ्या जन्माआधीपासून पिवळी आहे.

महिन्याच्या व्हिसावर आले होते.
मनोरे दाखवले, मॉल दाखवला, समुद्र दाखवला.
समुद्राला म्हणाले, हा आपलाच, पलीकडून बघतोय.
बाकी सगळ्याला नुसतं हं.
आता स्टुलावर चढताना मात्र
बोर्डाच्या खांबांवर चौतीस वर्षं चढलेला माणूस
त्यांच्या खांद्यांत परत आला.

"मेन पाड."
पाडला.
"परत बघ."
पाडलाय, आप्पा.
तरी टेस्टर लावला. त्याच्यावर आणखी
बोटांची उलटी बाजू तारेला टेकवली.
"तळव्यानं धरलीस तर मूठ मिटते, सुटत नाही.
उलट्या हातानं शिवावं."
लहानपणी ताप बघायलाही
ते कपाळाला हात उलटाच लावायचे.
मला वाटायचं, माया कमी आहे.

एलिमेंट बाहेर आला
मिठात घोळलेल्या बांगड्यासारखा.
समुद्राचं पाणी गोड करून देतात इथे, मी म्हटलं.
"थोडं राहिलंय करायचं," आप्पा म्हणाले.
त्याच्याशेजारी एक कांडी होती, झिजून काडीएवढी.
"ही गंजते, म्हणून टाकी गंजत नाही."
मी काहीतरी बोलणार होते.
पण दारात, रिफायनरीतून आलेला माझा नवरा
बूट हातात घेऊन उभा होता.
केवढ्याला मिळते ही, एवढंच विचारलं.

हार्डवेअरवाला जॉयकुट्टी कोट्टायमचा.
ह्यांना मल्याळम नाही, त्याला मराठी नाही.
मेलेला एलिमेंट काउंटरवर मधे ठेवून
दोघं पाऊण तास बोलले.
चार दिनार दोनशे फिल्स.
आप्पांनी मनातल्या मनात गुणाकार केला
आणि घर येईपर्यंत गप्प राहिले.

एक सांधा त्यांनी केला, दुसरा मला करायला लावला.
"टेफ्लॉन आट्याच्या दिशेनं.
उलटी गुंडाळलीस तर बसवतानाच उलगडेल.
हातानं फिरव, मग पक्कड.
घट्ट लागलं की पाव आटा. बास.
नट फुटतात ते सगळे ह्याच्या पुढे."
मी फिरवत होते,
ते टॉवेलच्या दांडीचे स्क्रू तपासत होते,
जे मुळीच ढिले नव्हते.

जानेवारीत गेले. टेस्टर नेला, पक्कड ठेवून गेले.

आता जुलै.
गच्चीवरच्या टाक्या दिवसभर उकळतात.
निळ्या नळाला चटका बसतो,
म्हणून गीझरचं बटण महिनाभर बंद,
आणि त्याच्या पोटात निवलेलं पाणी
लाल नळातून घ्यायचं.
फोनवर हे सांगितलं तर आप्पा एवढे हसले
की पलीकडे आई विचारायला आली.
"उलटंच आहे तुमचं सगळं.
पाहुण्यांसाठी लिहून लाव भिंतीवर."
मग, जरा थांबून,
"सांधा गळत नाही ना?"
कुठला, तुमचा का माझा?
"माझा कशाला गळेल?"

नाही, म्हटलं. दोन्ही ठीक.

खाली टमरेल आहे. रात्रीतून अर्धं भरतं.
फोन ठेवला, पक्कड काढली.
पाव आटा.
थांबले.
थेंब नटाच्या कडेला आला,
पडेना, आत जाईना.
मी बोटांच्या उलट्या बाजूनं
त्याला शिवले.
कोमट होता.